हरण्यानं पाय झटकला न्हाय

उसाच्या शेंड्यांवरनं धुकं अजून उठलं नव्हतं, आणि बावड्याच्या नाक्यावर मानसिंग नालबंदानं दुसरा बैल पाडला होता. कारखान्याचं गाळप सुरू झालं की गाडीबैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या, हेच त्याचं पोट. कासऱ्याचा एक हिसका, की जनावर धाडकन धुरळ्यात. मानेवर गुडघा रोवून बसायची त्याची बायको ठमाबाई. तिचा पुढचा दात एका शिंगानं नेलेला.

खिळा मारण्याआधी मानसिंग खूर सांडशीत दाबायचा. बैलानं पाय झटकला, की तिथं खिळा नाही. बाप सांगून गेला होता, जनावर खोटं बोलत न्हाय.

काल अंथुर्ण्याच्या दीपकच्या हरण्या बैलाचा खूर असाच दाबला. पाय हलला नाही. पत्र्या बसल्या.

आज तोच हरण्या तीन पायांवर आला. डोळे तांबडे, तोंडाला फेस. मागनं दीपक, दंडातनं रगत ठिपकत.

"नालबंदा, जित्या मांसात खिळा घातलास व्हय रं! जुंपाय गेलो तर शिंगावर घेतलं मला! खूर गेला तर बैल गेला माझा!"

"दाबून बघितला व्हता. हूं का चूं केलं न्हाय त्यानं."

"मग आता ऐक की!"

नाक्यावरची माणसं धावली. हरण्या पडला, पण कासरा तुटला आणि मागचा पाय मानसिंगच्या बरगडीत बसला. काड्‌कन आवाज आला. बैलानं मान उचलून आपटली, ठमाबाई मातीत फरफटली.

"सोडू नगंस!" मानसिंग कण्हला.

"मी कशाला सोडती? आधी खिळा काढा, मग मरा!"

त्यानं पत्री उपटली. काळा, घाण पू तोंडावर उडाला.

तोंड न पुसताच त्यानं दीपकची गचांडी धरली. हातोडा वर. "ह्यो पू जुना हाय, तरी काल पाय झटकला न्हाय. काल आणायच्या आधी काय टोचलंस?"

"लंगडत व्हता तात्या... सुजंवरचं इंजेक्शन. नीट चालाय लागला, म्हणून आणला."

ठमाबाईनं मानेवरनंच हाक दिली, "ठेवा त्यो हातोडा! तुरुंगात डबा कोण पोचवील?"

हातोडा खाली आला, दीपकच्या पायाशेजारच्या दगडावर. दगड फुटला.

जनावरांच्या डॉक्टर संजीवनी मॅडम आल्या, त्यांनी खूर कोरून धुतला. "सूज आली की नस चेकाळते. जरा दाबलं तरी मेंदूकडं बोंब मारते. ह्या औषधानं सूज बसते, बोंबही बसते. आतलं कुजणं चालूच राहतं."

"खूर?" मानसिंगनं विचारलं.

"वाचेल. पण ह्या हंगामात गाडीला नाही."

दीपक बैलाच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसला.

मॅडमनी मानसिंगची बरगडी चाचपली, दवाखान्यात जा म्हणाल्या. 'व्हय' म्हणत त्यानं ठमाबाईच्या लुगड्याच्या जुन्या पट्टीनं छाती आवळून घेतली. पुढचा गाडीवान बैल धरून उभाच होता.

"काल-परवा काय टोचलंय का ह्येला?"

"न्हाय बा."

"बैलाच्या अंगावर हात ठिवून सांग."

गाडीवानानं हात ठेवला. मानसिंगनं तुटलेल्या कासऱ्याला गाठ मारली, ओढून बघितली, आणि फास टाकला.