मधेच तुटलेले खांब

मी मुरबाड-कल्याण जीप चालवतो. दुपारी स्टँडवर शीट, म्हणजे प्रवासी, नसतात, तेव्हा घरी येऊन जेवतो आणि मुलीच्या कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम खेळतो. दिवसभर गाडी हाकणारा माणूस विरंगुळा म्हणून पुन्हा गाडीच हाकतो, यावर बायको काय बोलते ते इथे लिहीत नाही.

मुलगी कल्याणला व्हिडिओ एडिटिंग शिकते. तिने त्या कामासाठी मशीनमध्ये जास्त ताकदीचं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि त्याच आठवड्यात ते सुरू झालं. गेममध्ये वळण घेतलं की रस्त्याकडेचे विजेचे खांब मधेच तुटायचे. वरचा अर्धा बाजूला सरकलेला, खालचा जागेवर. डोळे मिचकावले की पुन्हा अखंड. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

थोरल्या भावाला साखर आहे, मलाही आहे. म्हशाच्या जत्रेहून परतताना तो एकदा म्हणाला होता, "खांब मधीच मोडल्यावानी दिसतंय रे." मी हसण्यावारी नेलं. आज तो ओट्यावर बसतो आणि आलेला माणूस पावलांवरून ओळखतो.

मी कोणाला बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरने गाडी सोडा म्हटलं तर करू काय? मला दुसरं काही येत नाही. एक डोळा झाकून खेळलो, मग दुसरा झाकून. दोन्ही वेळा खांब तुटला. म्हणजे दोन्ही डोळे गेले, असं मी शहाण्याने ठरवून टाकलं.

खऱ्या रस्त्यावरचे खांब सरळ दिसायचे, पण त्याने धीर येईना. भावाचंही आधी अधूनमधूनच व्हायचं. मग मी रस्ता सोडून खांबच तपासत गाडी चालवू लागलो. हा सरळ, तोही सरळ. रायत्याच्या पुलाच्या अलीकडे असाच बघत असताना मागून शीट ओरडली. समोर डोक्यावर मोळी घेतलेली बाई. ब्रेक कसा लागला मला आठवत नाही. मोळी रस्त्यावर पडली, बाई वाचली.

"डोळं फुटलं काय रे तुझं?" ती ओरडली.

कल्याणपर्यंत मी एकाही खांबाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मुलगी घरी होती. मला आता राहवेना. तिला खुर्चीमागे उभं केलं आणि गेममध्ये वळण घेतलं.

"खांब तुटतो का गो?"

"तुटतो ना."

"तुला पण दिसतो?"

"सगल्यांना दिसंल, बाबा. टेअरिंग म्हणतात त्याला."

मग तिने समजावलं. नवं कार्ड भराभर चित्रं काढतं, स्क्रीन आपल्याच वेगाने दाखवते. एक चित्र अर्धं दाखवून होतं तोच कार्ड दुसरं पुढे करतं. वर जुनं, खाली नवं, म्हणून खांब तुटतो. तिने सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू केलं. आता स्क्रीनची वेळ होईपर्यंत कार्ड थांबणार. मी वळण घेतलं. स्टेअरिंग किंचित उशिरा वळल्यासारखं वाटलं, पण खांब अखंड होता. त्या पुढचाही.

मी लहान पोरासारखा रडलो. ती हसायला लागली. त्या आनंदात मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. काकाचे खांब, झाकलेला डोळा, पुलाजवळची मोळी.

तिचं हसू थांबलं.

"किती दिवस दिसत होतं?"

"तीन आठवडे."

"म्हणजे डोळे गेलेत असं वाटत होतं, तरी तुमी रोज गाडी भरत होता?"

मी स्क्रीनवरच्या खांबाकडे बघू लागलो.

"रोज सकाली तुमच्या बाजूच्या शीटवर मी बसायचे, बाबा."

तीन आठवडे मी स्वतःसाठी घाबरलो होतो, तिच्यासाठी एकदाही नाही. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि आईला मदत करायला आत गेली.

सोमवारी सकाळी मी जीप दारात लावून हॉर्न दिला. बायको बाहेर आली. म्हणाली, ती मघाशीच एसटीने गेली.