इंजिनातली लग्नपत्रिका

त्या फटफटीची चोरी मी अजून विसरलेलो नाही. गेल्या महिन्यात संग्रहालयाचे मिस्त्री वारले, तेव्हापासून ती जास्तच आठवते.

परभणीजवळ एका निवृत्त शिक्षकांनी बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये हे संग्रहालय उभं केलं. मराठवाड्याच्या रस्त्यांवर एकेकाळी धावलेल्या मोटारी आणि फटफट्या तिथे आहेत, काहींवर निजामी अमलातल्या नंबराच्या पाट्या. एकही गाडी नुसती शोभेची नाही. प्रत्येक गाडी मिस्त्रींनी चालती केलेली.

त्यातली एक फटफटी चोरीला गेली, तपास माझ्याकडे आला. कुलूप शाबूत होतं आणि दुसरी किल्ली मिस्त्रींकडे होती. मी दोन दिवस त्यांना ठाण्यात बोलावून किल्लीबद्दलच विचारत राहिलो. ते एवढंच सांगत, की मी नेली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना अटक करायचं मी ठरवलं होतं.

त्याच सकाळी खबऱ्याचा फोन आला. सोनपेठच्या बाजारात एक जण तशीच गाडी विकायला उभा होता. गाडी आणि माणूस, दोन्ही ठाण्यात आणले. रंग नवा, इंजिन नंबर घासलेला. गाडी आजोबांची आहे, असं तो न अडखळता सांगत होता. शिक्षकांनाही ती खात्रीने ओळखता येईना.

त्या दिवशीही ठाण्यात बोलावून बसवलेले मिस्त्री बाकावरून म्हणाले, "साहेब, इंजिनाचं झाकण खोला. आतलं पॅकिंग माझ्या हातचं हाय."

विकणारा हसला. "पॅकिंगवर काय नाव लिव्हतेत का, चाचा?"

"मी लिव्हलेलंच लावतो."

पंचांसमोर झाकण खोललं. झाकणातून तेल गळू नये म्हणून खाली पॅकिंग बसवतात; जुन्या गाड्यांचं ते तयार मिळत नाही, म्हणून मिस्त्री ते लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कातरत. तेलाने पिवळ्या पडलेल्या त्या कागदावर त्यांच्याच मुलीचं नाव आणि 'मु. पो. बोरी' एवढं वाचता आलं. अर्ध्या तासात विकणाऱ्याने कबुली दिली. त्याने शेडचा मागचा पत्रा उचकटला होता आणि गाडी काढून तो परत ठोकला होता. पंचनाम्यात मी तो पत्रा पाहिलाच नव्हता.

कोर्टाच्या हुकमाने गाडी परत मिळाली, त्या दिवशी मी माफी मागायला गेलो. मिस्त्री नवं पॅकिंग बसवत होते. मी शब्द जुळवत होतो, तोच ते म्हणाले, "साहेब, हे झाकण जरा धरा. हलू देऊ नका." मी धरलं. बोल्ट आवळून होईपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.

पुढच्या नोकरीत समोर बसलेल्या माणसाला मी आधी त्याच्या कामाबद्दल विचारू लागलो. मिस्त्रींना दोन दिवसांत तो एक प्रश्न मी विचारला नव्हता.