सुकलालआप्पांनी कोचचा निकाल लावला

सुकलालआप्पांना फुटबॉलमधलं काही कळत नाही हे सुरतेच्या साऱ्या पांडेसऱ्याला माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांना बोलावलं गेलं. ज्यांना कळत होतं त्यांची आदल्या दिवशी चहाच्या गाडीवर, म्हणजे सुरतेच्या भाषेत लारीवर, मारामारी झाली होती.

आप्पा मूळचे शिरपूरकडचे. मिलच्या रंगखात्यात हयात घालवली आणि आता घरी बसून असतात. म्हणजे लोक तसं म्हणतात. खरं तर आप्पा घरी फारसे बसतच नाहीत, ते बैठकीत बसतात. खान्देशी माणूस सुरतेला येऊन कितीही वर्षं झाली तरी त्याची भांडणं गावाकडच्या रीतीनेच मिटतात. दोन्ही बाजूंची चार-चार माणसं, खाली सतरंजी, आणि सतरंजीच्या मधोमध आप्पा. भावाभावांची वाटणी असो, भाडेकरूची कटकट असो, पण सगळ्यात जास्त प्रकरणं नवराबायकोची. पोर रुसून माहेरी आली की तिचा बाप पोलीस चौकीच्या आधी आप्पांचं दार गाठणार. आप्पा दोन्हीकडचं शांतपणे ऐकून घेत, दोन्ही पारड्यांत निम्मं निम्मं टाकत आणि पोरीला दिवस मावळायच्या आत सासरी रवाना करत. आपल्या बैठकीतून आजवर कोणी मोडून उठलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत.

त्यांचा सगळ्यात गाजलेला तोडगा त्यांच्याच घरचा होता. त्यांची मुलगी गायत्री पलसाण्याला दिलेली. जावई चेतन तिथल्याच एका डाइंग मिलमध्ये कामाला. पोरगा निर्व्यसनी, पगार घरी आणणारा, नाव ठेवायला जागा नाही. फक्त एक सवय होती. कामावर जाताना तो घराला बाहेरून कुलूप लावायचा, आणि गायत्री आत असायची. पहिल्यांदा ती निघून आली तेव्हा आप्पांनी जावयाला बाजूला घेऊन समज दिली. दुसऱ्यांदा आली तेव्हा रीतसर बैठक बसवली. चेतनचं म्हणणं, वस्ती बरी नाही, कुलूप निघणार नाही. इकडच्या मंडळींचं म्हणणं, आत काही आग-बिग लागली तर? आप्पांनी डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि निवाडा दिला. कुलूप राहील, पण दुसरी किल्ली शेजारच्या उषाबाईंकडे राहील. काय डोकं आहे, असं दोन्ही बाजू म्हणाल्या. त्या दिवशी आप्पा एवढे खूश होते की येताना बायकोसाठी घारीचा डबा घेऊन आले. सुभद्राबाईंनी घारीला हात लावला नाही. तिला गोड सोसत नसेल, अशी आप्पांनी आपली समजूत घालून घेतली.

आता गायत्री तिसऱ्यांदा आली होती, आणि या खेपेला सामान जास्त होतं. येत्या रविवारी दुपारी चेतन आणि त्याचा काका तिला न्यायला येणार होते. तोवर आप्पा घरात तो विषय काढत नव्हते. बैठकीच्या आधी पक्षकाराशी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. सुभद्राबाई आणि गायत्री स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत, आणि आप्पा आले की भाजी निवडू लागत.

अशा दिवसांत फुटबॉलचं लचांड त्यांच्या गळ्यात पडलं.

सोसायटीतल्या मंडळाची टीम एका साडीवाल्या शेठने उभी केली होती. शेड चुकून गाजरी झालेला कापडाचा एक लॉट त्याच्याकडे पडून होता. त्या कापडाच्या त्याने जर्सी शिवून घेतल्या, आणि जर्सी झाल्या म्हटल्यावर त्या घालायला टीम लागली. कोच झाला योगराज. हा एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर काम करणारा, अबोल, शाळेत असताना धुळ्याला जिल्ह्याकडून खेळलेला. टीम हरायला लागली आणि मग तिने त्यात खंड पडू दिला नाही. समोरच्या टीमची पोरं सामन्याआधीच पेढे सांगून ठेवू लागली.

पण टीममध्ये जेवढे खेळाडू नव्हते तेवढे तिला जाणकार मिळाले. त्यांचं मुख्य ठिकाण चहाची लारी. विठ्ठल हा परभणीकडचा, लूमवर काम करणारा गडी, मोबाइलवर परदेशातले सामने बघून तयार झालेला. त्याचं मत, कोच हाकला. भूपेंद्र भाजी विकायचा. त्याचं मत, कोचला वेळ द्या, तिकडच्या मोठ्या मोठ्या टीमसुद्धा देतात. दोघांनीही जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता, त्यामुळे त्यांचे विचार अगदी स्वच्छ होते. त्या दिवशी विठ्ठलने लारीवरचे ग्लास मांडून बचाव कुठे फाटतो ते दाखवलं. भूपेंद्रने त्यातला एक ग्लास सरकवला. तो विठ्ठलचा बचावपटू होता आणि त्यात भूपेंद्रचा चहा होता, म्हणून दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले. शेठने निरोप धाडला, काय ते एकदाचं नक्की करा, नाहीतर पुढच्या वर्षी जर्सी विसरा.

पहिली बैठक देवळाच्या ओट्यावर झाली. आप्पांनी सवयीप्रमाणे विचारलं की हे किती दिवसांपासून चाललंय आणि आधी कोणी समजावलं होतं का. मूलबाळ काय, हेही त्यांच्या ओठावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. विठ्ठल तासभर बोलला, भूपेंद्र तासभर बोलला. योगराज एका कडेला मांडी घालून बसला होता. शेवटी आप्पांनी डोळे मिटले आणि तोडगा काढला. सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात योगराजचं चालेल, दुसऱ्या अर्ध्यात विठ्ठलचं. ओट्यावर टाळ्या पडल्या. शेजारच्या सोसायटीतला एक जण म्हणाला की असली अक्कल परदेशातसुद्धा कोणाला सुचली नसेल, आणि ते खरंच होतं.

पुढच्या सामन्याला आप्पांना खास खुर्ची देऊन सावलीत बसवलं. पहिल्या अर्ध्यात टीम नेहमीसारखी बेताने हरत होती. मध्यंतरानंतर विठ्ठल मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि मागच्यांना पुढे, पुढच्यांना मागे धाडू लागला. पोरांची पंचाईत झाली. निम्मी योगराजच्या तोंडाकडे बघत होती, निम्मी विठ्ठलच्या हाताकडे, आणि चेंडूकडे बघायला कोणी उरलं नव्हतं. दोन गाजरी जर्सी एकमेकींवर आदळून खाली पडल्या. किती गोल झाले ते आप्पांना कळलं नाही, पण आपली माणसं खाली माना घालून चपला शोधायला लागली तेव्हा काय ते समजलं.

त्यांना चैन पडेना. हरण्याचं त्यांना काही नव्हतं, तो पोरांचा खेळ होता. पण आपला तोडगा आपल्या डोळ्यांदेखत उसवताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. आजवर त्यांचे तोडगे रिक्षात बसून निघून जायचे. पुढे त्यांचं काय झालं हे बघायला आप्पा कोणाच्या घरी गेले नव्हते, आणि कोणी सांगायलाही आलं नव्हतं. एखादी पोर परत माहेरी आलीच तर ती वेगळी बैठक धरायची, असा हिशेब होता. घरी येताना त्यांना उगीचच उषाबाईंची आठवण झाली. ती बाई दुपारी झोपत असेल, बाजाराला जात असेल. कधी गावाला जात असेल. हा विचार त्यांनी बैठकीत केला नव्हता. आताही त्यांनी तो लगेच बाजूला सारला.

रविवारी सकाळी दुसरी बैठक बसली. विठ्ठलचा आवाज जरा खाली आला होता, पण मत खाली आलं नव्हतं. त्याला निम्माच सामना मिळाला होता, पूर्ण मिळाला असता तर गोष्ट वेगळी, असं तो म्हणत होता. भूपेंद्र म्हणत होता, कोचची घडी विठ्ठलने विस्कटली, आता आणखी वेळ द्यावा लागेल. बोलणं फिरून फिरून तिथेच येत होतं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बायका चहाचे कप मांडत होत्या, त्यांत गायत्रीही होती. आप्पांनी डोळे मिटले, पण आत काहीच दिसलं नाही. मग नुसता वेळ काढायचा म्हणून ते कडेला बसलेल्या माणसाकडे वळले.

"योगराज, तुझं काय म्हणणं आहे?"

योगराज गडबडला. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

"आप्पा, मला नाही राहायचं," तो म्हणाला. "पहिल्या बैठकीच्या आधीपासूनच नव्हतं राहायचं. पण तुम्ही मोठी माणसं माझ्यावरच बोलत होता, मग मी मधे कसं बोलणार?"

आप्पांना एकदम मोकळं वाटलं. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी आवाज लावला आणि म्हणाले, "ज्याचं मन उठलं, त्याला बळंच नांदवून काय मिळणार? मानाने जाऊ द्या त्याला."

लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी धावत जाऊन शाल-नारळ आणला. योगराजचे डोळे भरून आले. हळहळले ते फक्त विठ्ठल आणि भूपेंद्र, कारण आता भांडायचं कशावर हे दोघांनाही सुचेना. दुपारपर्यंत आप्पांचं वाक्य सोसायटीतल्या अर्ध्या मोबाइलांवर स्टेटस होऊन चढलं होतं. आप्पा घरी आले, पोटभर जेवले आणि आडवे झाले.

चेतन आणि त्याचा काका ऊन उतरताना आले. काका जुना, बैठकीतला माणूस. बसता बसताच त्याने आप्पांची कीर्ती गायली, तुमच्या बैठकीतून कोणी मोडून उठत नाही असं साऱ्या खान्देशात बोललं जातं वगैरे. आप्पांनी विनयाने हात जोडले. या खेपेचा तोडगा त्यांच्याकडे तयार होता. दिवसपाळीला कुलूप लावायचं नाही, रातपाळीला लावायचं. निम्मं चेतनचं, निम्मं गायत्रीचं. चेतनने काकाकडे पाहिलं, काकाने मान हलवली. सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला. आता आप्पा उठून गायत्रीला सामान आवरायला सांगणार, एवढंच उरलं होतं.

गायत्री आईच्या मागून पुढे आली. ती रडत नव्हती. रडली असती तर आप्पांना सोपं गेलं असतं, रडणाऱ्या पोरींची त्यांना सवय होती.

"आप्पा, तुम्हीन त्यास्ले इचारं," ती घरच्या अहिराणीत, नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली. "त्यास्ना काकाले इचारं. शेजारीनलेबी इचारं, किल्ली ठेवशी का म्हनीसन. आज योगराजदादाले इचारं. माले कोनी इचारं?"

काका खाकरला आणि म्हणाला की मोठी माणसं बोलत असताना पोरीबाळींनी मधे पडू नये. आप्पाही हेच म्हणणार होते. वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. पण त्यांना योगराजचा गडबडलेला चेहरा आठवला, आणि मग भलतंच काही आठवू लागलं. सतरंजीच्या कडेला डोकी झाकून बसलेल्या पोरी. त्यांचे चेहरे आठवेनात. चेहरे त्यांनी बघितलेच नव्हते. एवढी वर्षं निवाडे केले आणि आपल्या लेकीला एक साधा प्रश्न विचारायला आपल्याला फुटबॉलची टीम हरावी लागली, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"बेटा," ते म्हणाले, आणि त्यांचा बैठकीतला आवाज कुठे गेला कोण जाणे, "तुन्हं काय म्हननं शे?"

"माले नही जानं."

मग आप्पा जावयाकडे वळले आणि पोरगी येणार नाही म्हणाले. त्यात त्यांनी निम्मं काही ठेवलं नाही. काकाने पुष्कळ समजावलं, समाज काय म्हणेल ते सांगितलं, जाता जाता कीर्तीचे शब्दही मागे घेतले. आप्पा रिवाजाप्रमाणे त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. चेतन मोटारसायकलवर बसला.

परतताना चहाची लारी लागली. बातमी आप्पांच्या आधी तिथे पोचली होती, आणि सकाळपासून रिकाम्या बसलेल्या जाणकारांना विषय मिळाला होता. आप्पांचा जोर आता संपला, असं विठ्ठल सांगत होता. ज्याला घरची बैठक जमली नाही त्याच्याकडे समाजाने कशाला जायचं, आता कोणी तरुण माणूस बघा. भूपेंद्रचं म्हणणं, एका बैठकीवरून माणूस काढायचा नसतो, आप्पांना वेळ द्या. दोघंही अगदी मनापासून बोलत होते. आप्पा दिसताच ते चपापले, त्यांना बाकावर जागा करून दिली आणि चहा सांगितला.

"आप्पा, मनाला लावून घेऊ नका," भूपेंद्र म्हणाला. "इतक्या वर्षांत एकच तर हरलात."

आप्पांनी चहाचा ग्लास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"एकाच पोरीला विचारलं रे," ते म्हणाले. "बाकीच्यांना मी विचारलंच नाही."

यावरही विठ्ठलला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते ऐकायला आप्पा थांबले नाहीत.