फ्रिजचा रंग

शाळेत कुणाकडे फ्रिज किंवा मिक्सर घ्यायचं निघालं, की मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मला विचारलं जायचं, "बाई, रंग कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असे. पांढरा, फार तर राखाडी. भिंतीचा रंग दर चार दिवाळ्यांनी बदलतो, कधी पिस्ता चालतो, कधी गुलाबी. फ्रिज मात्र पंधरा वर्षं जागचा हलत नाही. तेव्हा कुठल्याही भिंतीपुढे खपून जाईल असा रंग घ्यावा. हे मी इतकं ठासून सांगायचे की समोरची बाई मुकाट पांढरा घेऊन यायची, आणि काही वर्षांनी "तुमचं ऐकलं ते बरं केलं" असंही म्हणायची. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र लालभडक फ्रिज उभा आहे, आणि घरी येणारा प्रत्येक जण एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघतो.

मी मुरबाडची. लग्न करून शहापूर तालुक्यातल्या एका भातशेतीवाल्या घरात आले. त्या घरातली शिकलेली अशी पहिलीच सून. नोकरीचा कागद आला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती, आणि शाळा मिळाली ती पुन्हा मुरबाड तालुक्यातच, सिद्धगडाच्या बाजूच्या एका वाडीवर. सकाळची पहिली एसटी, मग जीप, मग चालत. परत यायला दिवेलागण. नवरा कारखान्यात शिफ्टला, सासरे शेतावर. मी कागदाची घडी घालून डब्यात ठेवून दिली होती. सासूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "काय ठरला तुजा?"

"नाही जमणार, आई. हिला कोण बघेल?"

"मी काय मेलू काय?" त्या म्हणाल्या. "जा तू. घर मी बघते, पोरीला मी बघते. शिकलीस ती काय चुलीत घालाला?"

शेजारच्या बायका ओट्यावर बसून म्हणायच्या, सून मास्तरीण झाली नि सासू मोलकरीण. सासूबाई त्यांना आतूनच ऐकवायच्या, "माझी सून हाय, मी तिचा काय पन करीन. तुमचा भात करपला तो बगा." मी दारातून निघेपर्यंत त्या डबा हातात घेऊन उभ्या असत. दहा-बारा वर्षांत एकदाही माझी एसटी त्यांच्यामुळे चुकली नाही.

माझा स्वभाव मात्र तेव्हाही वाईटच होता. मास्तरकी अंगात भिनलेली. कुणी काही चुकीचं बोललं की लगेच दुरुस्त करायचे. सासूबाईंनी 'फिरीज' म्हटलं तर "फ्रिज म्हणा, आई." पातेलं उलटं घातलं तर ते सुलटं करून ठेवायचे. त्या हसायच्या. मुलीला सांगायच्या, "तुझी आय मला पन पैल्या वर्गात बसवल एक दिवस."

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आम्ही स्वयंपाकघर नवं करायला काढलं. जुनं म्हणजे काजळी धरलेल्या भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, मांडणीवर घासून लख्ख केलेली पितळेची भांडी. मला त्या काळोखाचा राग यायचा. एका मैत्रिणीकडे मासिकात पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघराचं चित्र बघितलं होतं, ते माझ्या डोक्यात बसलं. भिंतीला पांढऱ्या टाइल्स, खाली पांढऱ्या टाइल्स. गवंडी म्हणाला, निदान ओट्याला काळा कडप्पा घाला, बाई. मी म्हटलं, नाही, ओटाही पांढराच. सासूबाई गवंड्याच्या बाजूने बोलल्या, "कडप्पा बरा गो. काळा असला म्हनजे बरा." मी म्हटलं, "आई, आयुष्य काळ्यातच काढलंत. आता जरा उजेडात या."

मग फ्रिज घ्यायला सगळे शहापूरला गेलो. दुकानात दोनच रंग होते, पांढरा आणि लाल. सासूबाई सरळ लालपाशी गेल्या, दारावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो घे."

मी माझा पाठ सुरू केला. भिंत बदलते, फ्रिज बदलत नाही. लाल आज बरा वाटतो, दोन वर्षांनी डोळ्यांना खुपतो. पांढरा कधी जुना होत नाही. दुकानदारही मान डोलवायला लागला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि परत म्हणाल्या, "पांढरा नको गो बाय. लालच घे."

"पण का? कारण सांगा ना."

 त्यांनी लाल दारावरचा हात तेवढा काढला नाही. मी नवऱ्याच्या कानात म्हटलं, "गावात मिरवायला लाल पाहिजे त्यांना." तो हसला. टेम्पोत पांढरा फ्रिज चढला, आणि त्याच्या जोडीला पांढरा मिक्सर. परत येताना त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना समजावलं, "बघा तुम्ही, पुढे म्हणाल, सुनेनं अक्कल वापरली." "व्हय," त्या म्हणाल्या. "तुला अक्कल हाय, ती कुठं नाय म्हनली मी?"

फ्रिज घरात आला तसा त्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि कुंकवाची पाच बोटं हँडलच्या शेजारी ओढली. यात नवल नव्हतं. आमच्याकडे नवं काहीही आणलं, मग ती सायकल असो की नांगर, त्याला कुंकू लागतंच. पण दुसऱ्या आठवड्यात बघते तर कुंकू तेलात कालवून लावलेलं, चांगलं जाडसर. मिक्सरच्या बटणाला एक ठिपका. गॅसच्या दोन्ही बटणांना एकेक. ओट्याच्या कडेला एक ओळच्या ओळ. दाराच्या चौकटीला, खांद्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना.

रविवारी मी ओलं फडकं आणि साबण घेऊन बसायचे आणि सगळं पुसून काढायचे. तेलाचं कुंकू सहज जात नाही, नखांनी खरवडावं लागतं. मंगळवारी शाळेतून येऊन बघावं, तर पुन्हा सगळे ठिपके जागच्या जागी. मी चिडायचे. "आई, पूजा एकदा झाली ना? रोज रोज काय?" त्या म्हणायच्या, "राहूं दे गो. लक्ष्मी हाय ती. पुसू नको." मी पुसायचेच. पांढरं टिकवायचं तर पांढरं ठेवावं लागतं, असं माझं म्हणणं. असं चार-पाच वर्षं चाललं. दोघीही हट्टी. शाळेत मी याच्या गोष्टी करून सांगायचे, आमच्या सासूबाईंनी फ्रिजचा देव केलाय, आता आरतीच बाकी आहे. सगळ्या बायका पोट धरून हसायच्या. मी चांगलं सोंग काढून दाखवायचे, त्या कुंकवाची वाटी घेऊन कशा चाचपत चाचपत येतात ते.

चाचपत येतात. हे मी स्वतः करून दाखवत होते. माझ्या स्वतःच्या हातांनी, डोळे किलकिले करून, दहा बायकांपुढे. आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मुलांच्या वह्यांतला एक काना राहिला तर मला लांबून दिसायचा.

बाकीही बरंच होतं. त्यांचा खांदा चौकटीवर आपटायचा. दूध ओतताना अर्धं पातेल्याबाहेर जायचं. चहाचा कप आपण पुढे धरला तरी हात बाजूने यायचा. विचारलं की म्हणायच्या, "सवय नाय झाली अजून, घर नवा हाय." जुन्या काळोख्या घरात त्यांच्या हातून एक वाटी सांडली नव्हती, आणि या उजेडाच्या घरात रोज काहीतरी सांडत होतं. मी म्हणायचे, वय झालं. लक्ष कुठे असतं तुमचं, असंही म्हणायचे. हे आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

शेवटी पेजेने घात केला. त्यांनी भाताचं पातेलं, पेजेसकट, चुलीवरच्यासारखंच दोन्ही हातांनी उतरवलं आणि ओट्यावर ठेवलं. ओटा तिथे संपला होता. आदल्या दिवशी रविवार होता, कडेची कुंकवाची ओळ मी पुसून टाकली होती. पांढरा ओटा आणि खालची पांढरी जमीन त्यांना एकच वाटली. पातेलं दोन्ही पावलांवर पडलं. मुलीने पाण्याची बादली ओतली आणि शेजारणीला हाक मारली. मी तेव्हा सिद्धगडाखाली पाढे म्हणून घेत होते.

पाय बरे झाले, पण ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांना शंका आली. खर्डीला डोळ्यांचं शिबिर लागलं होतं, तिथे दाखवा म्हणाले. मला वाटलं, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करू, दोन दिवसांत मोकळ्या. शिबिरातून ठाण्याला पाठवलं. तिथले डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हा काचबिंदू आहे. बाजूने नजर जात जात मधे येते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. वेळेवर आला असतात तर थेंबांनी धरून ठेवता आली असती. गेलेली परत आणता येत नाही.

"कधीपासून कमी दिसतंय, आजी?" त्यांनी विचारलं.

सासूबाई माझ्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, सांगा ना."

"फिरीज आनला त्याच्या आदीपासून," त्या म्हणाल्या.

या वेळी मी शब्द दुरुस्त केला नाही. बाहेर बाकावर येऊन बसलो. मी विचारलं, का नाही सांगितलंत? माझा आवाज चढला होता, मी रडत होते आणि त्यांना रागवत होते. त्यांनी माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"मी बोलली असती तं तू शाळा सोडली असतीस. घर कोन बघनार, पोरीला कोन बघनार? जरा मोठी होऊ दे म्हनला पोरीला, मंग सांगू. लाल असला असता तं आजून चालवून नेला असता."

त्यांनी तक्रार म्हणून हे सांगितलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं. लाल फ्रिज, काळा ओटा, आणि कुणी न पुसलेले कुंकवाचे ठिपके, एवढ्यावर त्या माझी नोकरी पार पाडणार होत्या. देवाधर्माचा त्यात काही संबंध नव्हता. मी लक्ष्मी पुसत नव्हते, त्यांची वाट पुसत होते. दर रविवारी, साबण लावून.

थेंब सुरू केले. एका वर्षाच्या आत उरलेलीही नजर विझून गेली. मी बिनपगारी रजा काढून घरी बसले, तर त्याच दुखावल्या. "याच्यासाठी मी येवढा केला काय?" म्हणाल्या. मी परत शाळेत जायला लागले. शेजारचीच एक बाई दिवसा घरी यायची, तीच, जी कधीकाळी सासूला मोलकरीण म्हणायची.

मला काहीतरी करायचंच होतं. शहापूरला जीपगाड्यांना रंग मारणारा एक पेंटर होता. त्याला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, फ्रिजला कोण लाल रंग देतो? पांढरा बेस्ट असतो." मी त्याच्यावर अशी खेकसले की त्याने पुढे तोंड उघडलं नाही. अंगणात फ्रिज काढला, आणि जीपला मारायचा तो लाल रंग त्याने फवाऱ्याने दोन हात मारला. ओट्यावरची पांढरी लादी उपटून कडप्पा घातला. दोन दिवस वाळल्यावर फ्रिज आत नेला. सगळ्या घरभर रंगाचा वास सुटला होता.

मी सासूबाईंना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं. मुलगीही मागे आली. मी म्हटलं, "आई, बघा. लाल केला."

त्यांनी माझा हात सोडला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान वर केली. डोळे मोठे करून त्या बघत राहिल्या. चेहरा हसरा झाला.

"लय बेस दिसतो गो," त्या म्हणाल्या. "कुंकवासारखा लाल हाय. आता मला सगळा दिसतं बग. तू जा बिनघोर शाळेत."

त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. फ्रिज त्यांच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर होता. मुलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी तिचा दंड धरला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवत आले होते.

"हो आई," मी म्हटलं, "छान दिसतोय."