मातीच्या आतलं कापड

मिलिंद गेल्याचं मला आटगाव स्टेशनबाहेरच्या पानवाल्याने सांगितलं. मी मुरबाडहून मिलिंदच्याच खोलीवर निघालो होतो. "तुमचे ते कंप्युटरवाले सर काल झोपेतच गेले ना," पानाला चुना लावता लावता तो म्हणाला. पुढे शेणव्याच्या पलीकडे, त्याच्या वाडीत, शोकसभा झाली. ज्यांनी इतकी वर्षं त्याला दारात उभं केलं नव्हतं, तेच एकेक उठून "आमच्या वाडीचा हिरा" म्हणत होते. मी बोललो नाही. बोललो असतो तर भांडणच झालं असतं. म्हणून आता, दीडेक महिन्याने, लिहितो आहे.

शहापूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. मग तो इंजिनिअर झाला आणि मुंबईत संशोधनाला लागला. विषय ऐकून मला हसू आलं होतं. मातीच्या भरावात कापडाचे थर घातले तर माती किती भार सोसते, ते कंप्युटरवर बघायचं. माती म्हणजे हजारो गोल कण. प्रत्येक कण शेजारच्याला ढकलतो, घासतो, निसटतो. आणि कापड म्हणजे एकमेकांना बांधलेल्या कणांची माळ. सुट्टीत घरी आला की तो सुपातली नाचणी घ्यायचा. नुसत्या ढिगावर तांब्या ठेवला की ढीग पसरायचा. मग आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे थराथराने घालून तो कडा आत दुमडायचा, आणि तांब्या उभा राहायचा. "माती जराशी तरी सरकली पायजे," तो म्हणायचा, "तवाच कापड ताणतं आणि तिला धरतं." मावशी, म्हणजे त्याची आई, चुलीपासून ओरडायची, "नाचणी सांडू नको रे, खायची हाय ती."

त्यानंतर काही वर्षांनी वाडीचा रस्ता मंजूर झाला. ओढ्याकाठचा उंच भराव कापडाचे थर घालूनच करायचा होता. मिलिंदला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. आपण शिकलो ते आपल्याच वाडीच्या कामी येतंय, याचंच त्याला अप्रूप. पण तो मुंबईत असताना ठेकेदाराने साहेबांना दिसेल असा एक थर वर घातला आणि उरलेले गठ्ठे वाडीत वाटून टाकले. "घ्या, छपराला होईल." सगळ्यांनी आनंदाने घेतलं. हे कापड पाणी अडवतच नाही, पाणी जाऊ देण्यासाठीच ते केलेलं असतं. परतीच्या पावसात छपरं गळायला लागली तेव्हा लोकांनी त्याच्यावर भात वाळवायला घेतला, कुणी ते विकलं. त्या हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत आम्ही जिलेबी खात होतो, आणि एका दुकानावर तेच पांढरं कापड ताणलेलं दिसलं. त्याने जिलेबी तशीच पानात ठेवली.

त्याने एकाच थराचा भराव कंप्युटरवर उभा केला. वीज जायची, हिशेब पहिल्यापासून सुरू व्हायचा. शेवटी पडद्यावर भरावाची एक कड कणाकणाने निसटून ओढ्यात गेली. तो घरोघर फिरला : कापड परत द्या, पावसाच्या आत भराव उकरून घेऊ. "दिल्यालं कापड परत कोण देतं रे?" लोक म्हणाले. "आनि ती पडद्यावरची माती. आमी खरी माती बघतो रोज."

पावसात भराव त्याच कडेने गेला. चौकशीला साहेब आले. मिलिंदने चित्र पुढे ठेवलं, एकच थर आहे म्हणून सांगितलं. साहेबांनी विचारलं, बाकीचं कापड गेलं कुठे? त्याने खरं ते सांगितलं. ठेकेदाराने वाटलं, वाडीत आहे, आमच्याही घरात आहे. साहेबांनी त्यातलं सोयीचं तेवढं लिहिलं : ग्रामस्थांनी माल चोरला. पोलीस आले, माणसं चौकीवर नेली. मिलिंदच्या दारात आले तेव्हा मावशी म्हणाली, "आमच्याकडं काय नाय. पोरगं कायपण बोलतं." कापड माळ्यावर होतं. ठेकेदाराला पुढचं कामही मिळालं, आणि वाडीने मिलिंदशी बोलणं टाकलं. तो आटगावला खोली घेऊन राहिला. त्याने मला एकदाच विचारलं, "खोटं बोललो असतो तर चाललं असतं काय रे?" चाललं असतं, असं मी म्हणालो. मला अजूनही तसंच वाटतं, आणि त्याचाच मला राग येतो.

गेल्या आठवड्यात मावशीने बोलावलं म्हणून गेलो. घरामागची दरड दर पावसाळ्यात थोडी थोडी सुटते. तिने माळ्यावरून ते कापड काढून ठेवलं होतं, घडी न मोडलेलं. "तो सांगायचा तसं घाल," ती म्हणाली. "वरती नको, आत." मी खणत गेलो, ती माती ओढत गेली. एक थर, त्याच्या कडा दुमडून वर माती, पायाने दाबून पुन्हा थर. शेजारच्या घराच्या मागल्या दारात इंदू उभी राहून बघत होती. तिच्या नवऱ्याला तेव्हा पोलिसांनी चौकीवर नेलं होतं, आणि शोकसभेत सगळ्यात मोठ्याने तोच बोलला होता.

"उरलं तर दे गो काकी," इंदू म्हणाली, "गोठ्यावर टाकीन."

मावशीच्या काखेत हातभर तुकडा होता.

"नाय उरलं," ती म्हणाली. तो तुकडाही तिने खड्ड्यात पसरला, हाताने नीट सरळ केला आणि वर माती ओढली.