झोपेचा अभ्यास

उन्हे कलली की पत्रे वाजू लागत. दिवसभर तापलेले ते पत्रे सायंकाळच्या वाऱ्याने आक्रसत, कुठेतरी कडकन आवाज होई, आणि त्यासरशी त्या तात्पुरत्या वसाहतीतली माणसे तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर धावत. काही वेळाने, एकमेकांची नजर चुकवीत, पुन्हा आत जात. भूकंपाने दगडमातीची घरे नेली, गणगोत नेले. पण भिंतीला निर्धास्त पाठ टेकण्याची माणसाची ती सनातन सवय, ती कुठल्या ढिगाऱ्याखाली शोधायची?

रेहानाबरोबर मी तिथे जाई. लातूरच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचे शिवणकामाचे दुकान आणि आमचे किराण्याचे, भिंतीला भिंत लागून. पुढे मी मराठी शिकवू लागले आणि ती डॉक्टर होऊन नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र. मेंदूवर औषधांचा होणारा परिणाम हा तिच्या संशोधनाचा विषय. मदतशिबिरांत लोकांना झोपेच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या, करुणेनेच दिल्या होत्या. शिबिरे उठली, गोळ्या मात्र मागे राहिल्या. त्या किती जणांना सुटत नाहीत, हे रेहाना घरोघर विचारीत होती. तिचे प्रश्न बोलीत उतरवणे माझ्याकडे होते.

तिथेच गंगूबाई भेटली. मुलगा आणि सून ढिगाऱ्यात गेलेले, मांडीवर तान्ही नात. ती म्हणाली, “डोळा लागला की भित येती बगा अंगावर. गोळी घेतली तर भित येत न्हाई, पर मग ह्या लेकराचं रडनंबी ऐकू येत न्हाई.”

रेहानाने लेखणी खाली ठेवली. त्यानंतर ती प्रश्न नसतानाही जाऊ लागली. गोळी अर्धी करीत, पाव करीत, गंगूबाईशेजारी बसून राही. वर्ष सरत आले तेव्हा गंगूबाई गोळीवाचून झोपू लागली, आणि नात रडली की जागीही होऊ लागली.

रेहानाचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. दूरदूरचे संशोधक त्याचा आधार घेऊ लागले, परिषदांची निमंत्रणे येऊ लागली. तो अंक घेऊन आम्ही गेलो, तेव्हा गंगूबाईने पानावरून हात फिरवला.

“माजं नाव हाय का ह्यात?”

“नाव लिहायचं नसतं, मावशी.”

“मग म्या गोळी सोडली, हे कुनाला कळंल?”

विद्येचा केवढा हा विस्तार! आणि त्यात एका म्हातारीच्या पराक्रमाला जागा नसावी?

काळ लोटला. लातूर बदलले. चौकाचौकांत शिकवणी वर्गांच्या फलकांवर गुणवंतांचे हसरे चेहरे टांगले गेले, घराघरांवर वसतिगृहाचे मजले चढले. ज्या औषधदुकानांत एकेकाळी झोप विकली जाई, तिथेच आता मुले झोप उडवणाऱ्या गोळ्या मागू लागली. रेहानाने त्यावरही लिहिले. त्याचीही वाहवा झाली. त्याचा सारांश मी सोप्या मराठीत केला, आणि तो भिंतीवर लावा म्हणून आम्ही एका शिकवणी वर्गाच्या संचालकांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला. “मॅडम, पोरं अभ्यास करायलेत. कशाला भेव घालता त्यांना?” म्हणाले. कागद टेबलावरच राहिला.

गंगूबाईची नात वैशाली डॉक्टर व्हायचे म्हणून प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला लातूरला आली, ती रेहानाकडे पाहूनच. रेहाना दर रविवारी नांदेडहून येऊन तिला माझ्याकडे जेवायला घेऊन येई, डोळ्यांखालची वर्तुळे पाहून खोदून विचारी. “लई झोपते मी, मावशी,” असे सांगून ती पोर हसे. परीक्षा तोंडावर आली असताना तिला वर्गातच हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात पोहोचेतो सारे संपले होते. जागे राहण्याच्या गोळ्या तिच्या कंपासपेटीत होत्या.

माती झाल्यावर आम्ही गंगूबाईच्या उंबऱ्याशी बसलो. ती रडत नव्हती. कुणाला बोलही लावीत नव्हती. तिने रेहानाचा हात धरला. “तिला झोप नकू व्हती, डाक्टरीनबाई. मला पायजे. दे आता.”

“मावशी, केवढ्या कष्टानं सोडलीत...”

“हाव. जिच्यासाटी सोडली, ती गेली की.”

गोळीचे सगळे दुष्परिणाम, तिची सुटता न सुटणारी सवय रेहानाला ठाऊक होती. तिनेच तर ती जगाला सांगितली होती. ज्ञान कोणत्या क्षणी निरर्थक होते, आणि त्या क्षणी ज्ञानवंताने काय करावे? मी तिच्याकडे पाहिले नाही. तिने पर्समधून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून औषधाचे नाव लिहिले.

गंगूबाईने तो घडी करून कमरेला खोचला. रेहानाने आयुष्यभर इतके लिहिले. त्या माउलीच्या पदरात पडले ते एवढेच.