मालनबाईच्या सायकलचं हँडल

माझी थोरली जाऊ मालनबाई. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तिला मी निवांत बसलेली पाहिलेली नाही. जेवतानासुद्धा एक गुडघा उभा, कधी उठायला लागेल म्हणून. जैनथपासून तीन किलोमीटरवर आमचा झेंडूचा आणि भाजीचा मळा आहे. रोज पहाटे फुलं तोडायची, टोपली कॅरियरला बांधायची, आधी जैनथच्या देवळात द्यायची आणि उरलेली बाजारात विकायची. बत्तीस वर्षं तिनं हे सायकलवर केलं.

सायकल बायकांची, मधला दांडा खाली वाकवलेला. बदली होऊन जाणाऱ्या एका नर्सबाईंकडून मालनबाईच्या वडिलांनी आदिलाबादला घेतली होती. ब्रेकला तार नाही, लोखंडी सळया. सुरुवातीला गावानं हसून घेतलं. मागे वळून कोण हसलं ते पाहिलं असतं तर टोपली पडली असती, असं ती सांगते.

यंदा आषाढात ती पायरीवरून खांद्यावर पडली. खांदा बरा झाला, पण उजवा हात पुढे जाईना. सायकलचं जुनं हँडल लांब आणि सरळ. मुठीपर्यंत हात नेला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग ऑटो. ऑटो भरेपर्यंत ती खाली उतरून फेऱ्या घालायची आणि देवळात पोचेपर्यंत सकाळची पूजा उरकलेली असायची. ताजी नाहीत म्हणून कालचीच फुलं देवाच्या अंगावर पाहून ती घरी आली की भांडी आपटायची.

तिचा मुलगा भूषण आईच्या काळजीनंच म्हणाला, की सायकल भंगारात देऊन टाकू. त्यावर ती सगळ्यांसमोर बोलून बसली, "दसऱ्याची फुलं मी याच सायकलवर नेईन. नाई जमलं तर तूच ने भंगारात."

त्या दिवसापासून घराला स्वस्थता नाही. जैनथच्या स्टँडजवळ फकिराचं सायकलचं दुकान आहे. चार दिवसांत ती तिथं तीनदा गेली, दोनदा मला घेऊन. फकिरानं पहिलं नवं हँडल दाखवलं, ते तर आधीच्याहून सरळ. दुसरं छान मागे वळलेलं होतं, पण त्याला सळयांचे ब्रेक बसत नव्हते. तारेचे घालून देतो म्हणाला. मालनबाईनं मान हलवली. जे ब्रेक हाताला ठाऊक आहेत तेच पाहिजेत, नवीन शिकायला तिच्याकडे वेळ नाही.

शेवटी फकिरानं तिला स्टुलावर बसवलं, हातात खराटा आडवा दिला आणि डोळे मिटायला सांगितलं. हात आपोआप जिथे थांबतील तिथे थांबू द्या म्हणाला. डोळे मिटूनही तिचा पाय हलतच होता. खराटा जवळजवळ तिच्या मांडीपर्यंत आला, उजवीकडे थोडा खाली.

"मालनबाई, तुमाले सायकल नाई, झोका पाहिजे," फकिरा म्हणाला.

पण तो माळ्यावर चढला आणि धूळ बसलेलं एक हँडल घेऊन आला. कुण्या म्हाताऱ्या पोस्टमनच्या सायकलचं, दोन्ही मुठी मांडीकडे वळलेल्या, सळयांच्या ब्रेकच्या मुठी जागेवर. थोडा गंज होता. खांद्याच्या त्रासासाठी उजवी मूठ त्यानं तापवून जरा आणखी खाली घेतली. खंडेनवमीच्या दुपारी ते बसवलं. हँडलचा खालचा दांडा सायकलच्या मानेत जातो आणि वरचा नट आवळला की आत घट्ट बसतो. त्यानं पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल जोरात पिळून पाहिलं. हललं नाही. मालनबाई स्टँडपासून देवळापर्यंत एक चक्कर मारून आली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला.

तिथं थांबली असती तर ही गोष्टच नव्हती. घरी आल्यावर तिला वाटलं, हँडल एक बोट उंच आहे. भूषणचा पाना घेऊन तिनं नट सैल केला, हातोडीनं ठोकून हँडल खाली घेतलं आणि नट हातानंच फिरवून ठेवला. तेवढ्यात सून प्रणिता पूजेला बोलवायला आली. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पाटावर मांडून पुजतात आणि दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा झाल्याशिवाय त्यांना हात लावत नाहीत. विळे, खुरपी, कात्री मांडली. जाता जाता मालनबाईनंच तो पानाही मांडला, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

दसऱ्याच्या पहाटे टोपली बांधून ती निघाली. फाटकापाशीच चाक देवळाकडे आणि हँडल आमच्या गोठ्याकडे. ती पडली नाही, पाय टेकले. पण तोंड पांढरं पडलं. नट काल आवळायचाच राहिला, हे माझ्या ध्यानात आलं. मी शेजारच्या दोन घरी पाना मागायला धावले. दोन्हीकडे पाने पाटावर, फुलांखाली. फकिराचेही तसेच असणार.

भूषण बाहेर आला. हसला नाही, भंगाराचं नावही काढलं नाही. मोटारसायकल काढून म्हणाला, "आई, बस मागं. सोडतो." ते चांगलंच होतं आणि म्हणूनच तिला नाही म्हणणं अवघड. ती टोपलीची दोरी सोडायची, परत बांधायची.

मी म्हटलं, आतून पाना आणते. ती म्हणाली, "मी नाई हात लावणार. एवढी वर्षं ज्याच्यासाठी फुलं नेली, त्याच्याच पाटावरचं उचलू?"

मी आत गेले. मीही शनिवार करते, चतुर्थी करते, देवाला भिऊन वागते. पाटासमोर उभी राहिले आणि मनात म्हटलं, फुलं तुझीच आहेत, उशीर नको. कुंकू न सांडता पाना उचलला. बाहेर येऊन म्हणाले, "उचलला मी हाय. पाप लागलं तर मले लागन."

"पाप ठेव तुझ्याजवळ," मालनबाई म्हणाली, "पाना दे इकडं."

पण मी दिला नाही. ज्या हातांनी उचलला त्याच हातांनी नट आवळला. तिनं चाक गुडघ्यांत धरलं, भूषणनं न सांगता हँडल सरळ धरलं. मी दोन्ही हातांनी जोर लावला. मग तिनं पिळून पाहिलं आणि निघाली. वळणापर्यंत पिवळी टोपली दिसत होती. भूषणनं मोटारसायकल चालू न करताच आत ठेवली. मी पाना पुसून पाटावर ठेवला आणि नवीन कुंकू लावलं. चूक की बरोबर, कुणाला विचारलेलं नाही.

साडेआठला ती परत आली. देवळाच्या दारावर आमच्या फुलांचं तोरण लागलं होतं म्हणे. सायकल भिंतीला लावली, घोटभर पाणी प्यायली, आणि हँडलपाशी जाऊन डावी मूठ दाबून पाहू लागली.

"दीपमाला, उत्तरपूजा कितीला हाय?" तिनं मला विचारलं. "हे जरासं वरच पाहिजे होतं वाटते."